वेदनाशामक गोळी : किती दिवस?

गेल्या वर्षीच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर ऊन मी म्हणत होते आणि दवाखाना बंद करून जेवायला जावे अशा बेतात मी होतो. तेवढ्यात पाथरीकडच्या एका खेड्यातून एका रुग्णाला त्याच्या मेव्हण्याने मोटारसायकलवर बसवून आणले. वय पंचेचाळीसच्या आसपास, व्यवसाय ऊसतोड. हंगाम संपवून गावी परतून पंधरा दिवस झालेले. दोन दिवसांपासून जुलाब आणि उलट्या, आणि आदल्या रात्रीपासून लघवी जवळजवळ नाहीच. डोळे खोल गेलेले, जीभ लाकडासारखी कोरडी. सलाईन लावले, रक्त तपासायला पाठवले. संध्याकाळी अहवाल आला : क्रिएटिनिन ६.८. निरोगी माणसात हा आकडा एकच्या आसपास असतो. म्हणजे मूत्रपिंडांनी काम जवळपास थांबवले होते.

दरम्यान मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला होता, ‘‘कोणत्या गोळ्या चालू आहेत का?’’ त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली एक चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटत आलेली. ‘‘तुमचीच गोळी चालू हाय, डॉक्टरसाहेब. ती घेतल्याबिगर कंबर वाकतच नाही.’’ चिठ्ठी खरोखरच माझी होती. अक्षर माझे, सही माझी, तारीख दोन वर्षांपूर्वीची. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. सगळे काही लिहिले होते. किती दिवस, एवढेच लिहिले नव्हते.

ती चिठ्ठी दाखवून त्याने दोन हंगाम गोळ्या घेतल्या होत्या. जिथे टोळी उतरेल तिथल्या मेडिकलवर.

या चिठ्ठीची गोष्ट पुढे पुरी करतो. आधी त्या गोळीची जन्मकथा सांगितली पाहिजे, कारण ती कळल्याशिवाय चूक कुठे झाली हे कळणार नाही.

आपल्याला मार लागला, सांधा झिजला किंवा घसा सुजला की त्या जागी लाली येते, उष्णता वाढते, सूज येते आणि ठणका लागतो. या साऱ्याला वैद्यकात दाह म्हणतात. दाह हा शत्रू नव्हे, ती शरीराची दुरुस्तीची पद्धत आहे. दुरुस्ती लांबली की मात्र माणूस मेटाकुटीला येतो. सांधेवाताच्या रुग्णांना १९५० च्या सुमारास दोनच प्रमुख आधार होते : भरपूर मात्रेत अ‍ॅस्पिरिन, नाही तर स्टिरॉइड. पहिल्याने पोट जाई, दुसऱ्याने हाडे आणि बरेच काही.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरात बूट्स नावाच्या औषध कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स हे औषधशास्त्रज्ञ आणि जॉन निकल्सन हे रसायनशास्त्रज्ञ यांनी या प्रश्नाला हात घातला. अ‍ॅडम्स हे सोळाव्या वर्षी शाळा सोडून औषधाच्या दुकानात उमेदवारी करू लागलेले गृहस्थ, पुढे शिकून संशोधक झाले. दोघांची कामाची वाटणी सरळ होती. निकल्सन नवनवे रेणू बनवणार आणि अ‍ॅडम्स ते तपासणार. तपासणीची पद्धत मोठी गमतीची होती. गिनीपिगच्या पाठीवरचे केस काढायचे, त्या जागेवर अतिनील किरण टाकायचे म्हणजे कातडी लाल होते. किरण टाकण्याआधी रसायन पाजलेले असेल आणि लाली आली नाही, तर त्या रसायनात काही दम आहे असे समजायचे. अशी शेकडो रसायने तपासली गेली. बहुतेक सगळी बाद झाली.

त्यातले एक मात्र पुढे गेले. त्याचे नाव आयबुफेनॅक. दुखणे थांबे, सूज उतरे, म्हणून ते १९६६ साली ब्रिटनमध्ये बाजारातही आले. पण काही रुग्णांना कावीळ होऊ लागली. यकृतावर परिणाम होतो हे ध्यानात आले आणि १९६८ साली ते मागे घेण्यात आले.

आता इथे रसायनशास्त्रज्ञाची खरी करामत पाहा. या आयबुफेनॅकच्या रेणूला एका विशिष्ट जागी एक कार्बन आणि त्याला लटकलेले तीन हायड्रोजन, एवढीच जोड दिली की जो रेणू तयार होतो तो म्हणजे आयबुप्रोफेन. एवढ्याशा फरकाने यकृताचा तो त्रास जवळजवळ नाहीसा झाला. आयबुप्रोफेनच्या पेटंटसाठीचा अर्ज १९६१ सालचा, आणि ब्रिटनमध्ये औषध विक्रीला आले १९६९ साली. आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी असलेले ‘ब्रुफेन’ ते हेच. अ‍ॅडम्स यांनी एका परिषदेत भाषणाला उभे राहण्यापूर्वी, आदल्या रात्रीच्या मद्यपानामुळे धरलेले डोके उतरवायला, आपलेच औषध स्वतः घेऊन पाहिले होते असे ते पुढे हसत सांगत. २०१९ साली पंच्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्या एका कार्बनाने आणखी एक भानगड करून ठेवली, आणि तिचा संबंध आपल्या महाराष्ट्राशी येतो.

आपले दोन्ही हात पाहा. बोटे तीच, लांबी तीच, तरीही उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात बसत नाही. काही रेणूंचेही असेच असते. जोडलेला तो कार्बन अशा जागी बसतो की आयबुप्रोफेनचा रेणू ‘डावा’ आणि ‘उजवा’ अशा दोन रूपांत तयार होतो. कारखान्यात साध्या पद्धतीने बनवले तर दोन्ही निम्मे निम्मे मिळतात. दुखणे थांबवण्याचे काम मुख्यतः त्यातला एकच हात करतो. सुदैवाने दुसऱ्या हाताचा बराचसा भाग आपले शरीरच फिरवून कामाच्या हातात रूपांतरित करते. त्यामुळे आयबुप्रोफेनची सरमिसळ आपल्याला चालून जाते. याच घराण्यातले नॅप्रोक्सेन नावाचे औषध मात्र पहिल्यापासून एकाच हाताचे विकले जाते. ते तसे बनवणे सोपे नाही.

पुण्याच्या पाषाण रस्त्यावर १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिथे एच. आर. सोनवणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास या घराण्यातल्या औषधांवर बरेच काम केले. त्यांची युक्ती प्रकाशाची होती. सोप्या रसायनांपासून एक मधला पदार्थ बनवायचा, तो पाणी मिसळलेल्या द्रावकात विरघळवून त्यावर अतिनील प्रकाश टाकायचा. प्रकाशाच्या धक्क्याने रेणूतला एक मोठा तुकडा, म्हणजे सहा कार्बनांचे कडे, आपली जागा सोडून शेजारच्या कार्बनवर जाऊन बसते आणि आयबुप्रोफेनचा सांगाडा तयार होतो. घरातले जड कपाट न फोडता, न उचलता, नुसते एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला सरकवावे तसे. ‘एका हाताची’ दाहशामके कशी बनवावीत यावर जगभर झालेल्या कामाचा आढावा घेणारा या मंडळींचा सविस्तर लेख १९९२ साली ‘टेट्राहेड्रॉन : असिमेट्री’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला होता. नॉटिंगहॅममध्ये ज्या अतिनील किरणांनी गिनीपिगची पाठ लाल केली, तेच किरण पुण्यात औषध घडवायला वापरले गेले, याची मला मोठी मौज वाटते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. बूट्सच्या मूळ पद्धतीत आयबुप्रोफेन बनवायला सहा पायऱ्या लागत. त्यात वापरलेल्या मालातले अणू मोजले तर जेमतेम ४० टक्के औषधात उतरत, बाकीचा भाग कचरा. १९९२ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात तीन पायऱ्यांच्या पद्धतीचा कारखाना उभा राहिला, तिथे हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. कचरा कमी म्हणजे नदीनाल्यांना त्रास कमी, आणि औषधही स्वस्त. भारतात तर १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट न देता फक्त बनवण्याच्या पद्धतीवर देण्याचे धोरण होते, ते २००५ पर्यंत चालले. त्या काळात नवी पद्धत शोधणारा रसायनशास्त्रज्ञ म्हणजे आपल्या औषध उद्योगाचा कणाच होता. आज जगातल्या आयबुप्रोफेनचा मोठा वाटा भारतात तयार होतो आणि परभणीत एका गोळीला चहाच्या कपापेक्षाही कमी पैसे पडतात.

स्वस्ताई ही चांगलीच गोष्ट आहे. माझ्या त्या रुग्णाला दोन हंगाम गोळ्या परवडल्या, त्या स्वस्ताईमुळेच.

आता या साऱ्या हुशार मंडळींना जे साधले नाही ते सांगतो. १९७१ साली जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की अ‍ॅस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. या शोधाबद्दल त्यांना १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सुजलेल्या सांध्यात हीच द्रव्ये ठणका लावतात, म्हणून ती अडवली की आराम पडतो. परंतु हीच द्रव्ये जठराच्या आतल्या बाजूला संरक्षक बुळबुळीत थर राखतात, आणि हीच द्रव्ये शरीरातले पाणी कमी झाले असताना मूत्रपिंडाकडे जाणारी रक्ताची वाट उघडी ठेवतात. गोळी पोटात गेली की ती रक्तात मिसळते आणि सगळीकडे फिरते. कंबर कुठे आणि मूत्रपिंड कुठे हे तिला कळत नाही. आराम आणि अपाय एकाच नळातून येतात.

ही दोन कामे वेगळी करण्याचा मोठा प्रयत्न झाला नाही असे नाही. दाहाच्या जागी काम करणारे आणि जठरात काम करणारे विकर काही अंशी निराळे आहेत हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. मग फक्त पहिल्यावर वार करणारे रेणू घडवण्यात आले. रोफेकॉक्सिब हे त्यातले गाजलेले नाव. १९९९ साली ते आले, जठराला त्रास खरोखर कमी झाला, आम्ही डॉक्टरांनीही ते उत्साहाने लिहिले. पुढे दिसून आले की दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके वाढतात. सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. आणि मूत्रपिंडाचा धोका तर या नव्या औषधांनीही टळला नव्हताच.

डायक्लोफेनॅकची हकिकत तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेल्या जनावरांवर उतरणारी गिधाडे पुढे दिसेनाशी झाली, त्याचे कारण २००४ साली उजेडात आले. आजारी गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचले जाई, ते जनावर मेल्यावर गिधाडे त्याचे मांस खात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आले. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, एवढाच आपला फायदा.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. एप्रिल-मे मध्ये इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. शेतात, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर घाम गाळणाऱ्याच्या अंगातले पाणी कमी होते. अशा वेळी मूत्रपिंड त्या प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावरच तग धरून असते. त्यात जुलाब-उलट्या झाल्या आणि वर वेदनाशामक गोळी गेली, की तो आधारही निघतो. माझ्या रुग्णाचे नेमके हेच झाले. कडाक्याच्या थंडीत, पोटभर पाणी पिऊन घेतलेल्या गोळीने कदाचित त्याचे एवढे बिघडले नसते. म्हणून उन्हाळ्यात जुलाब, उलट्या किंवा ऊन लागलेले असेल तेव्हा ही गोळी हातातसुद्धा धरू नये. साखर-मिठाचे पाणी आधी.

दवाखान्यात रोज ऐकू येणारे दोन-तीन गैरसमज इथेच निकालात काढतो. ‘‘गोळीने पित्त होते, सुई द्या,’’ असा आग्रह पुष्कळ जण धरतात. सुईतून दिलेले औषधही रक्तातूनच जठरापर्यंत पोचते आणि तोच संरक्षक थर कमी करते. सुईने पोट वाचत नाही. दुसरे, सोबत पित्ताची गोळी घेतली म्हणजे सगळे निभावले, हा समज. पित्ताची गोळी जठराला सांभाळते हे खरे, मूत्रपिंडासाठी ती काहीही करत नाही. तिसरे, मेडिकलवर कागदाच्या पुडीत तीन-चार रंगांच्या सुट्या गोळ्या एकत्र बांधून मिळतात, तो प्रकार. त्यात एकाच घराण्यातल्या दोन वेदनाशामक गोळ्या असू शकतात आणि भरीला स्टिरॉइडही. अशी पुडी घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी एवढे छान वाटते की तो पुन्हा तिथेच जातो. पुडी नको, पाकिटावर नाव असलेली गोळी मागा.

मग ही गोळी घ्यायचीच नाही का? असे मी मुळीच म्हणत नाही. दाढ दुखते आहे, पाय मुरगळला आहे, पाळीच्या वेळी पोटात कळा येतात, अशा वेळी आयबुप्रोफेन उत्तम काम करते आणि धडधाकट माणसाने जेवणानंतर, दोन-चार दिवस, दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या आत घेतले तर सहसा काही होत नाही. मात्र ज्यांना पूर्वी जठरव्रण झाला आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे, हृदय कमजोर आहे किंवा दमा आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर स्त्रीने पाचव्या महिन्यानंतर तर नाहीच. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असलेल्या वयस्कर माणसात ही तिसरी गोळी मूत्रपिंडाला फार जड जाते. हृदयासाठी लहान मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की आयबुप्रोफेन आधी घेतले तर अ‍ॅस्पिरिनचा उपयोग कमी होतो. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर ही औषधे टाळावीत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे पॅरासिटामॉलच बरे, तेही मात्रेत, कारण जास्त झाले तर ते यकृताला नडते. गुडघेदुखीवर आधी मलम चोळून पाहावे, त्यातून रक्तात फार थोडे औषध जाते. गोळ्या चालू असताना संडासला डांबरासारखे काळे झाले किंवा लघवी कमी झाली, तर गोळी त्याच क्षणी बंद करून डॉक्टरांकडे जावे. सकाळपर्यंत थांबू नये.

अंबाजोगाईला शिकत असताना आमचे एक प्राध्यापक चिठ्ठी तपासताना औषधाचे नाव शेवटी पाहत. आधी दिवस पाहत. तेव्हा आम्हाला ते खडूस वाटत.

त्या रुग्णाला मी त्याच रात्री नांदेडला पाठवले. चार वेळा डायलिसिस करावे लागले. अठरा दिवसांनी तो घरी आला. आज त्याचे क्रिएटिनिन १.९ वर आहे आणि त्याखाली उतरेल अशी आशा मला वाटत नाही. दोन एकर कोरडवाहू जमीन, त्यातला किती भाग उपचारात गेला ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

दिवाळीनंतर टोळी निघायच्या आदल्या दिवशी नवराबायको दवाखान्यात आली. मुकादमाची उचल आधीच घेऊन झाली होती आणि खर्चही झाली होती, तेव्हा जाऊ नका म्हणण्यात अर्थ नव्हता. तो मोळ्या वाहणार नाही, फक्त तोडणी करील, एवढे त्यांनी आपसात ठरवले होते. म्हणजे मोळ्या तिच्या डोक्यावर. तिने विचारले, ‘‘मग सायेब, ह्यांची कंबर दुखली तर काय करायचं?’’ मी पॅरासिटामॉल लिहून दिले, खाली मराठीत अक्षरी ‘पाच दिवस’ असे लिहिले, आणि लाल शाईने ‘आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक व तत्सम गोळ्या-सुया या रुग्णास देऊ नयेत’ असे ठळक अक्षरांत लिहिले. फडात प्यायच्या पाण्याचा डबा रोज भरून न्यायला सांगितले. कंबरेला शेक, रात्री झोपताना मलम. याहून मोठा उपाय माझ्याकडे नव्हता, आणि तिलाही तो कळला असावा, कारण तिने पुढे काही विचारले नाही.

नवी चिठ्ठी तिने त्याच्या हातात न देता स्वतःच्या पिशवीत ठेवली. जुनी मी मागून घेतली. ती माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.